नुसतं बोलायचं काम

"हॅलो?… हॅलो, मास्तर?… मी बोलतेय, रेडिओ. अहो, तुमची रेडिओ! विसरलात की काय?… हॅलो?"

पलीकडून फोन उचलला होता, पण हूं नाही की चूं नाही.

मास्तर काही शाळेतले नव्हेत. मालवाहतुकीचे एजंट. कारखान्याचा माल एकीकडे, रिकामा ट्रक दुसरीकडे, आणि मधे फोन घेऊन मास्तर. निम्म्या बाजाराला हा धंदा त्यांनी शिकवला, म्हणून मास्तर. त्यांच्या दोन टेबलांच्या ऑफिसात ही बाई अकरा वर्षं ट्रकवाल्यांशी बडबडत बसली, म्हणून ती रेडिओ. दोन वर्षांपूर्वी त्यांना सोडून ती या मोठ्या कंपनीत आली. इथं तिचं काम एकच, कंपनीसाठी नवे एजंट जमवायचे. आजच्या यादीत तिनं आपल्याच हातानं मास्तरांचं नाव सगळ्यांत वर लिहिलं होतं, आणि तरी खालची सगळी नावं आधी उरकून मगच हा फोन लावला होता.

"रागावलात ना?… बरं, नका बोलू. मी बोलते, माझं कधी अडलंय?… ऐका तर खरं. नोकरी नाहीये ही. नोकरी म्हटलं की तुम्ही फोन आपटाल, ठाऊक आहे मला. स्वतंत्र एजंट! तुमचे कारखानदार तुमचेच, तुमचे ड्रायव्हर तुमचेच. कागदपत्रं, विमा, वसुलीची कटकट… सगळं कंपनी बघणार. डोक्यावर साहेब नाही. घरी आपल्या खुर्चीत बसायचं, चहाचा कप शेजारी… तुम्हाला काय, नुसतं बोलायचं काम!… हॅलो? आहात ना?… ही टकटक कसली येतेय मधेच?… लाइन खराब आहे वाटतं."

ती बोलतच राहिली. गप्प बसली तर रडू येईल, अशी भीती तिला वाटत होती.

"इथली पोरं दिवसभर कंप्युटरवर नकाशे बघतात हो, आणि एक गाडी मिळेल तर शपथ! तुम्ही नुसतं 'काय राजा, जेवलास का' म्हणालात, की ड्रायव्हर अर्ध्या वाटेतून गाडी वळवायचा. साहेबांना म्हटलं, तो आवाज आणते मी तुम्हाला… मास्तर? एक शब्द तरी बोला. शिवी द्या हवं तर… कोण? काकू?… अगं बाई, काकू, तुम्ही होय! हो, हो, रेडिओच… बऱ्या आहात ना?… अहो, मास्तर आत्ता फोनवर होते ना? मग बोलत का नव्हते… काय?… काय म्हणालात?…"

मास्तरांच्या बायकोचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून तिनं दुसरा कान हातानं दाबून धरला. आजूबाजूला दहा जण दहा फोनवर बोलत होते.

"नाही, नाही. ऐकू आलं, काकू. परत नका सांगू… कधी झालं ऑपरेशन?… आठ महिने!… आणि मला कुणी साधं कळवलं… हो. बरोबर आहे तुमचं. मी तरी कुठं विचारलं… घशातलं सगळंच काढलं? म्हणजे कुजबुजसुद्धा नाही?… वहीत लिहून सांगतात. बरं… आणि आता?… कॅन्सर परत आलाय?… डॉक्टर काय म्हणाले?… काकू, रडू नका ना… किती म्हणाले?… महिनाभर."

समोरच्या भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढं आजच्या फोनांचा आकडा होता. तिच्या नावापुढं एकोणीस. तो आकडा ती उगीच पुन्हापुन्हा वाचत बसली.

"कोणी फोन केला होता?… मास्तरांनी? मला?… छे हो, मला नाही आला… मागच्या महिन्यात? तीनदा?… कुठल्या नंबरावरून?… तुमच्या नव्या? शेवट काय आहे त्याचा?… सत्तावीस."

या ऑफिसचा नियमच होता. तीनदा हॅलो म्हणायचं, उत्तर नाही आलं तर कट करून पुढचा नंबर लावायचा. सत्तावीसवाला फोन तिला चांगला आठवत होता. कोणी बोलायचं नाही, नुसती टकटक. पहिल्या दोन्ही वेळी तिनं नियमाप्रमाणं कट केला. तिसऱ्या वेळी मात्र तिचं डोकं फिरलं होतं.

"काकू… मी काय बोलले माहितेय का त्यांना? 'बोलायचं नसेल तर फोन कशाला करता? कामधंदा नाही का काही?'… असं म्हणून आपटला मी फोन. ते बोटानं वाजवून सांगत होते, आणि मी… जीभ कशी झडली नाही माझी!… सांगितलं त्यांनी? वहीत लिहून?… हसले? खरंच हसले, की माझं मन राखायला सांगताय?… काय लिहिलं? 'पोरगी तयार झाली.'…"

आता मात्र तिला रडू आवरेना. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं पाण्याची बाटली पुढं सरकवली. तिनं ती घेतली आणि तशीच हातात धरून ठेवली.

"द्या त्यांना फोन. कानाला लावा… मास्तर? एकदा वाजवा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. चालेल?… हां, आलं ऐकू… जेवलात का?… दोनदा. असं कसं हो? काकू पातळ करून देतात ना काही? चार चमचे तरी घ्यायचे… बरं, नाही बोलत मी. मास्तर, रागावलाय माझ्यावर?"

तिनं बाटली टेबलावर ठेवली. मग एकदा वाजलं, ठसठशीत.

"हां, मग! रागवायलाच हवं. मी असते तर तोंड पाहिलं नसतं माझं… ऐका ना, एक सांगू? तुम्ही एजंट व्हाच. नाव तुमचं, फोन मी करीन. तुम्ही वहीत लिहायचं, काकू मला कळवतील, मी ड्रायव्हरशी… नको?… अहो, पुरतं ऐका तरी… किती जोरात वाजवताय! बरं, नको. मग मला कशाला फोन करत होतात? काय हवंय तुम्हाला?… काकू, लिहिताहेत ना? वाचा… 'घरात फोन वाजत नाही. तू काम कर. मी ऐकतो.'… एवढंच?… एवढ्यासाठी तीनदा फोन केलात?… ड्रायव्हरांनाही केलेत? दाढीवाल्यानंही आपटला?"

तिनं नाक पुसलं. तो फोन तिनं टेबलावर उताणा ठेवला, पर्समधून मोबाइल काढला आणि बोलताना अगदी त्याच्याजवळ वाकली.

"हॅलो, दाढीवाले? काय राजा, जेवलास का?… अरे, रेडिओ! मास्तरांकडची… गाडी कुठंय तुझी?… रिकामीच परत चाललास? लाज नाही वाटत? नऊ टन कागदाचे रोल आहेत बघ, तुझ्याच वाटेवर. ताडपत्री धड आहे ना?… बघून सांग, मागच्यासारखं नको. एक रोल भिजला तर माझ्या गळ्याशी येईल… मास्तर? आहेत की. इथंच आहेत, ऐकताहेत सगळं… तुझ्यावर रागावलेत. फोन आपटतोस म्हणे त्यांचा… अरे, तो मुका फोन त्यांचाच होता. आवाज गेलाय रे त्यांचा… हॅलो?… रडतोस काय येड्या, आधी गाडी बाजूला घे… घेतलीस? मग बोल. तू बोल, ते ऐकतील."

तिनं मोबाइल टेबलावरच्या फोनच्या तोंडाशी धरला. दाढीवाला काय बोलला ते तिला कळलं नाही, नुसती गुणगुण ऐकू आली. साहेब केबिनच्या दारात येऊन घड्याळ दाखवायला लागले. "एजंटाचाच फोन आहे, साहेब," ती म्हणाली, आणि त्यांच्याकडं पाठ करून बसली. दाढीवाल्याचं झाल्यावर तिनं आणखी दोघा ड्रायव्हरांना फोन लावले. एकाशी भाड्यावरून चांगलं भांडलीसुद्धा.

"मास्तर? ऐकलंत? फार नाही ना ताणलं मी?… मास्तर?… काकू, काय झालं?… झोपले? फोन कानाशी धरून?… कधीपासून झोप नव्हती?… बाई गं… नको, नको, काढू नका कानाचा… मी येते संध्याकाळी, सुटले की तडक येते. उद्या परवा काही नाही, आजच… बरं, ठेवा मग… तुम्ही ठेवा, काकू… नाही, तुम्ही… अहो, माझ्यानं नाही ठेववत."

मग काकूंनीच ठेवला.