ओ देईस्तवर

वारलेल्या बाबांचं पुण्यानुमोदन उरकून वनिता केजच्या बसस्थानकावर पुण्याच्या गाडीची वाट पाहत होती. मागच्या बाकावर कॉलेजातले बहीणभाऊ बोलत होते.

“अंगद, आईचा फोन होता, अप्पा मोटर साफ करायला विहिरीत उतरलेत.”

“मोटर बंद केली का?”

“बटण बंद करूनच उतरले. काहून?”

“ताई, त्या बटणाचा उपयोग न्हाई. मी मोटरला पायथनमधी प्रोग्रामचा लूप लावलाय. दर मिनिटाला लाईट बघतो, आली की मोटर चालू करतो.”

“मग थांबव की त्याला.”

“इथून होत न्हाई. थांबायची अटच टाकायची राहिली.”

“लई हुशार. लाईट आता येईल रे, आईला फोन लाव.”

“लावलाय. आई, पेटीतला फ्यूज काढ. आधी काढ, मग बोल.”

वनिताची गाडी फलाटाला लागली. ती उठली नाही.

“काढला म्हणती.”

“अप्पांना हाक मारायला सांग.”

“मारली. ओ देत न्हाईत.”

“लाईट आलती का मधी?”

“तिला म्हाईत न्हाई. आई, मारीत राहा. ओ देईस्तवर थांबू नको.”

“काय झालं? अंगद, बोल की.”

“ओ दिली. ‘मी बहिरा हाय का’ म्हणाले.”

पुण्याची गाडी केव्हाच सुटली होती.