जावयाचा मोडका दात

आजच्या सभेच्या अध्यक्ष, आमच्या गावप्रमुख एस्नाट म्वाले. व्यासपीठावरचे मुख्याध्यापक आणि तालुक्याहून आलेले पाहुणे. ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते चित्रकलेचे मास्तर वेडसन चुलू. आणि सकाळपासून या तापलेल्या पत्र्याखाली बसलेली सगळी मंडळी, नमस्कार. माझ्या आधी पाच जण बोलले. जेवणाची न्शिमा थंड होते आहे, याची मला कल्पना आहे.

मी हत्ती-संरक्षण कार्यक्रमाच्या कार्यालयात हत्तींची नोंदवही ठेवते. कुणाचा कान कुठे फाटलाय, कुणाचा दात केवढा, एवढंच माझं काम. त्यामुळे मास्तरांबद्दल सुंदर बोलणं मला जमणार नाही. अकरा वर्षं त्यांनी या नदीकाठच्या पोरांना भिंतींवर जनावरं काढायला शिकवलं. लाल रंग मातीचा, काळा कोळशाचा, पांढरा राखेचा. ज्या पोराने एखादा हत्ती काढला, त्याच्या घरातून त्या हत्तीसाठी पुन्हा तारेचा फास लागला नाही. हे कसं घडतं, ते मला मोजता आलेलं नाही.

त्यांच्या वर्गाचा एक नियम होता. एकदा मी विचारलं, “मास्तर, ही सिंहीण तीन पायांवर चालते. भिंतीवर चारही टेकलेत.”

“वर्गात सिंहाला आपला थोरला मानणाऱ्या कुळातली चार पोरं आहेत. त्यांच्या थोरलीला लंगडी काढू? तू तुझ्या मावशीला चारचौघांत लंगडी काढशील?”

“माझी मावशी दहा पावलं चालली की बसते.”

“मग बसलेली काढ.”

पोरं हसली. मीही हसले. म्हणजे भिंतीवर कुणाचंही व्यंग काढायचं नाही, हा नियम मला ठाऊक होता. एवढं कृपया लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी कापणीच्या वेळी एका हत्तीने तियेसे आजींचं कणगं फोडलं आणि आजींचा हात मोडला. पोरं त्या हत्तीला जावई म्हणत. यायचा, जेवायचा, आणि कुणी काही बोललेलं त्याला चालायचं नाही. आजी, हात आता वर जातो ना?

“टाळ्या वाजवण्यापुरता जातो. तू आटप.”

आटपते. एकच हत्ती मारायची परवानगी आली, तीही ओळख पटवून. शिकाऱ्यांनी आमच्याकडे वर्णन मागितलं. मी नोंदवहीचं सतरावं, जावयाचं पान दिलं. दोन्ही दात पूर्ण, कान अखंड. त्या वर्णनाचा हत्ती त्यांना उतारावर पाणी पिताना सापडला, तो त्यांनी मारला. पोरांनी लांबूनच सांगितलं, हा तो नव्हे. गावात मांस वाटलं गेलं. मास्तरांनी घेतलं नाही. मी घेतलं.

आठव्या दिवशी जावई आजींच्या शेतात परत आला. त्याचा डावा दात अर्ध्यात मोडलेला होता. जुना मोड, कडा झिजलेल्या.

चौकशी झाली. वर्णन कुठून आलं, असं समितीने विचारलं. मी म्हणाले, शाळेच्या भिंतीवरून. तेव्हा मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, “चित्र माझ्या वर्गाचं आहे.” पुढे कुणी काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. या सत्रापासून वर्ग बंद झाला. आता मास्तर टेकडीपलीकडे मुलीकडे राहायला जात आहेत, आणि आपण त्याला निवृत्ती म्हणतो आहोत.

चित्र चुकलं होतं का? भिंतीवरचं चित्र ओळख पटवायला काढलं होतं, असं कुणी म्हटलं होतं?

नोंदवहीत एक्केचाळीस हत्ती आहेत. अडतीस मी स्वतः पाहिले. उरलेले तीन, त्यांत जावईही, तेव्हा नदीपलीकडे होते. मी सहा आठवडे चालत होते, पाय सुजले होते, पुन्हा पाण्यात उतरायची इच्छा राहिली नव्हती. ते तीन मी शाळेच्या मागच्या भिंतीवरून उतरवून घेतले. शेवटच्या रकान्यात ‘प्रत्यक्ष पाहून खात्री केली’ असं असतं. तिथे सही केली.

मास्तर, मान हलवू नका. बसा.

चौकशीनंतर ते कार्यालयात आले होते. म्हणाले, “पोरी, तुझं काम अजून पुढे आहे. माझं होत आलंय.” त्यांना सगळं कळलं होतं. मी मान खाली घातली आणि गप्प राहिले. त्याला सहा महिने झाले. फार दमायला होतं गप्प राहून.

अध्यक्षबाई, नोंदवही तुमच्यासमोर ठेवली आहे, सतरावं पान उघडून. समितीने तिचं काय करायचं ते करावं, माझंही करावं. विनंती एवढीच, की वर्ग पुन्हा उघडावा. पोरांनी आपल्या थोरल्यांना धडधाकट काढावं. मोडके दात पाहायला जाणं हे माझं काम होतं.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. शेवटी वक्त्याने बोलण्यातल्या उणिवांबद्दल क्षमा मागायची असते. भाषण मी दोनदा तपासलं आहे, त्यात चूक नसावी. जी आहे ती त्या पानावर आहे. मास्तरांनी तिची क्षमा न मागताच केली. म्हणून ती क्षमा आता आपल्याकडे, सगळ्यांसमोर मागते आहे.