मामाला बसवून ढकललेली फटफटी

वेगाचं कौतुक मला सांगू नका, गड्यांनो. पासष्ट साल असेल, आठवलं की अजून हुश्श म्हणतो. यवतेश्वरच्या घाटावर एका गावात मुलगी बघायला जायचं होतं. रुबाबात जावं म्हणून आदल्या दिवशी कराडच्या मिस्त्रीकडं फटफटी नेली.

"सपाटीला पळ पायजे का चढाला ओढ? दोन्ही न्हाई मिळायचं," तो म्हणाला.

"पळ!"

त्यानं चेनची मागची चकती काढून लहान बसवली.

साताऱ्यापर्यंत गाडी वाऱ्यासारखी आली. घाट लागला आणि तिनं मान टाकली. मागं मामा, त्याचा गुडघा धरलेला. त्याला चालवायचं कसं? तसाच बसवून ढकलत निघालो. मामा वरून विचारतोय, "किती घोड्यांची म्हणालास रं ही?"

वळणावर एक पटकेवाला म्हातारा आमच्याकडं टक लावून बघत होता. मग आडवाटेनं वर गेला. गावात पोचलो तर तोच मुलीचा बाप! मी घामानं निथळतोय, शर्टाला ऑइल. म्हटलं, गेलं स्थळ.

म्हातारा बायकोला म्हणाला, "फटफटीवाला म्हणल्यावर मी न्हाईच म्हणणार हुतो. पण च्या टाक. गाडीत दम न्हाई, जावयात हाय."