आईच्या कवितेतला 'तो'

नाही, पण मला एक सांगा, 'जणू' या शब्दावर अजून कुणी बंदी कशी घातली नाही? जणू! म्हणजे झालं, की नाही झालं? तुम्हाला सांगतो, मी विमा कंपनीत दावे तपासतो, म्हणजे कुणाचं दुकान जळालं, कुणाची गाडी चेपली, कुणाचं गोदाम भिजलं, की कागद माझ्या टेबलावर... आणि एका गृहस्थाने चक्क लिहिलं होतं, 'आगीत माझं दुकान जणू स्मशान झालं!' मी धावत गेलो. पडदा जळला होता. एक! तोसुद्धा खालून! मी म्हटलं, "स्मशान कुठाय?" तर म्हणतो, "साहेब, तशी बोलायची पद्धत असते." बोलायची पद्धत! दिवसभर या बोलायच्या पद्धतीशी मारामारी करून माणसाने जरा टेकायला घरी यावं, तर घरात काय? अलंकार! सोन्याचे नाही हो, सोन्याचे असते तर कपाटात ठेवून कुलूप लावलं असतं. हे भाषेचे! हे जेवणाच्या टेबलावर मोकाट!

आणले कुणी? आमच्या आईने. आई टेलिफोन खात्यात होती. उभी नोकरी लोकांचे फोन जोडून देण्यात गेली, स्वतः कधी चार वाक्यं सलग बोलली नाही. बाबा गेल्यावर तर चारची दोन झाली. मध्यंतरी तिला मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं, मीच नेलं, मीच आणलं, गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे तिथून नवा चष्मा केला, आणि चष्मा नाकावर बसला न बसला तोच बाईसाहेब म्हणतात काय, "मला आता सगळं स्वच्छ दिसतंय. मी वाचनालयातल्या लेखनाच्या वर्गाला जाणार."

मी म्हटलं, "लेखन? कसलं? कुणाविरुद्ध?"

म्हणाली, "कविता रे."

मी संशयी नाही हां. मी आपला विचारतो.

बरं, जाऊ दे म्हटलं, चार म्हाताऱ्या माणसांत मन रमेल. तर एके दिवशी जेवताना तिने भात कालवता कालवता कविता म्हटली. तोंडपाठ! ऐका:

'तो माझ्या डोळ्यांत वाकून पाहतो
आणि विचारतो, आता?
मी म्हणते, अजून थोडं.
तो माझं जग बदलतो.
मी म्हणते, हं... आता.'

माझा घास इथे... इथे अडकला! मी म्हटलं, "तो कोण?" आई म्हणाली, "तुला काय वाटतं?" आता हे उत्तर झालं का? आमच्याकडे दावेदाराने असं उत्तर दिलं तर मी फाइल बंद करतो! तेवढ्यात आमची चिंगी, म्हणजे आमचं कन्यारत्न, दहावीत आहे, त्यामुळे सध्या घरात तिच्याएवढं शहाणं कुणी नाही, ती म्हणाली, "बाबा, काय हो तुम्ही! तो म्हणजे सूर्य. रोज सकाळी डोळ्यांत पाहतो, जग उजळतो. निर्जीव वस्तू माणसासारखी वागायला लागली की चेतनगुणोक्ती. दोन मार्कांना येते."

मी म्हटलं, "सूर्य 'आता?' असं विचारतो?"

"विचारतो. कवितेत विचारतो."

बायको म्हणाली, "जेवा."

जेवलो. पण मला सांगा, सत्तरीची बाई एका सूर्याबद्दल बोलताना लाजते का? आई लाजली होती! मी पाहिलं! नुकसान किती झालं ते मी भिंतीच्या रंगावरून ओळखतो, मला माझ्या आईचे गाल ओळखता येत नाहीत?

पुढच्या आठवड्यात दुसरी. 'त्याच्या भिंतीवर शेकडो डोळे, तरी तो माझेच दोन पुसतो.' झालं! मी चमचा खाली ठेवला. चिंगीने पण ठेवला, पण आनंदाने. "आकाश! शेकडो डोळे म्हणजे चांदण्या! रूपक!" आणि मग माझी शिकवणीच घेतली हो... "हे बघा बाबा, 'सारखा' आला की उपमा, 'जणू' आला की उत्प्रेक्षा, आणि सारखाही नाही, जणूही नाही, सरळ 'हेच ते' म्हटलं की रूपक."

मी म्हटलं, "आणि पुसतो कशाने?"

"ढगाने!"

ढगाने. बरं.

मी संशयी नाही हां, पण पुरावा काय सांगत होता? एक, आई संध्याकाळी वर्ग सुटल्यावर लगेच घरी येत नव्हती. दोन, विचारलं तर म्हणायची, "चष्म्याचा स्क्रू सैल झाला होता, घट्ट करून आले." परवा सैल, काल सैल, आज सैल! आता तुम्ही म्हणाल, इथे तुझी ट्यूब पेटली असेल. पेटली ना! मी तडक गेलो त्या चष्म्याच्या दुकानात. छोटंसं दुकान, तिन्ही भिंतींवर फ्रेमाच फ्रेमा, आरसा, दोन खुर्च्या, आणि काउंटरमागे चष्मेवाले काका. एकटा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मऊ आवाजात बोलणार, अंगात पांढरा कोट. मी काउंटरवर हात आपटला. "काका, हा काय माल विकता तुम्ही? एका चष्म्याचा स्क्रू आठवड्यातून किती वेळा सैल व्हावा?"

काका लाल झाले. मला वाटलं, चोरी पकडली गेली. म्हणाले, "ते... वापरावर असतं."

मी म्हटलं, "वापर काय व्हायचाय? कविता करते ती! आणि काका, तुम्ही इथे नाक्यावर बसता, सगळं तुमच्या नजरेसमोरून जातं. एक काम करा. आईच्या आसपास कुणी गृहस्थ घुटमळताना दिसतो का बघा. जरा लक्ष ठेवा तिच्यावर."

काकांनी हातातली काच पुसली, परत पुसली, म्हणाले, "ठेवतोच आहे."

मी त्यांचे आभार मानून आलो! आभार! हात हातात घेऊन!

तिसरी कविता तर काय, 'गुरुवारी दुकान बंद, मग आम्ही बागेत.' बस. एवढीच. यमक नाही, अनुप्रास नाही, काही नाही. यावेळी चिंगीसुद्धा जरा अडखळली. म्हणाली, "बाबा, हे मुक्तछंदात आहे, वर्गाच्या सरांनाच विचारा." गेलो. वर्ग सुटायची वाट पाहिली, सगळे पांगले, आणि सरांना फळ्याजवळ गाठलं. सर म्हणजे भाषेचे निवृत्त मास्तर, डोळे मिटून बोलणारे. डोळे मिटून बोलणाऱ्या माणसावर मी एरवी विश्वास ठेवत नाही. म्हटलं, "सर, हा 'तो' कोण? नाव? पत्ता?"

सर डोळे मिटून म्हणाले, "कवितेतला 'तो'... शोधायचा नसतो."

"मग काय करायचं असतं?"

"अनुभवायचा असतो. दुकान म्हणजे काय? व्यवहार. देणंघेणं. ते बंद झालं. मग बाग. बाग म्हणजे मनःशांती. केवढी झेप आहे! तुमच्या मातोश्रींनी एका ओळीत संसारापासून मोक्षापर्यंत..."

"आणि गुरुवार?"

सरांनी एक डोळा उघडला. "गुरू! ज्ञान! श्लेष आहे तो! एक शब्द, दोन अर्थ!"

खरं सांगतो, मी तिथे हरलो. इतकी वर्षं मी प्रत्येक वाक्याला खालून काठी लावून पाहत आलो, पोकळ आहे का, पोकळ आहे का... आणि इथे एका साध्या गुरुवारात केवढं काय काय भरून ठेवलेलं! मला माझीच लाज वाटली. आपली आई मोक्षाला निघालेली आणि आपण तिच्या स्क्रूची चौकशी करतोय! घरी आलो ते बदलूनच. आईला म्हटलं, "आई, कळली गं तुझी बाग." ती दचकली. "कळली?" म्हटलं, "पूर्ण कळली. माझी काही हरकत नाही. उलट अभिमान आहे." आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाली, "मला वाटलं नव्हतं रे, तू इतक्या सहज घेशील."

सहजच घेतलं ना! मोक्षाला कोण हरकत घेतो?

आता आलं वर्गाचं संमेलन. वाचनालयाचा वरचा हॉल, घरचे लोक, शेजारीपाजारी, चष्मेवाले काकासुद्धा पहिल्या रांगेत, आणि आज पांढरा कोट नाही, इस्त्रीचा शर्ट. मी शेजारची खुर्ची धरली, म्हटलं, "आलात? बरं केलंत." ते म्हणाले, "यायलाच हवं होतं." सरांनी आधी भाषण केलं, निबंधाला प्रस्तावना हवी, मध्ये मुद्दे हवेत, शेवटी समारोप हवा, नाहीतर तो निबंध नव्हे, गप्पा. मग आईचं नाव पुकारलं. कविता नाही, निबंध! 'माझा निर्णय'. आई उभी राहिली, कागदसुद्धा नाही हातात, फोन जोडताना बोलायची तशा आवाजात सुरू झाली...

"डोळ्यांना दिसेनासं झालं की माणूस घरात बसतो. मीही बसले होते. ही प्रस्तावना. मग डोळे तपासायला गेले. तिथल्या माणसाने घाई केली नाही. काच बदलून बदलून विचारत राहिला, आता? आता? बऱ्याच वर्षांत मला कुणी इतक्यांदा काही विचारलं नव्हतं. हा मुद्दा. आणि समारोप असा, की आम्ही दोघं पुढच्या महिन्यात लग्न करतोय."

हॉल गार! आणि तुम्हाला सांगतो, त्या गार हॉलमध्ये एकच माणूस उभा राहिला. मी! टाळ्या वाजवत! "वा! वा आई! काय रूपक आहे! लग्न! माणसाचं जगण्याशी लग्न! आत्म्याचं परमात्म्याशी..."

कुणीच टाळी वाजवेना. सरांचे दोन्ही डोळे उघडे. पहिल्यांदाच! चिंगी माझी बाही ओढत होती. "बाबा, बसा. बाबा, ही स्वभावोक्ती आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जसं आहे तसं सांगणं."

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "लग्न म्हणजे लग्न रे." मी शेजारी पाहिलं. चष्मेवाले काका उभे राहिले होते, हात जोडून, आणि पुन्हा लाल.

आणि मग... म्हणजे असं धाडधाड कोसळलं ना माझ्या डोक्यात! शेकडो डोळे... फ्रेमा! पुसतो... चष्मा! गुरुवार... साप्ताहिक सुट्टी! बाहेर पाटी आहे हो, मी स्वतः वाचली होती! एकही अलंकार नव्हता! एक नव्हता! सगळी मेली स्वभावोक्ती! उभ्या गावात नेमका संशय घेणारा एकच माणूस होता, तर त्यालाच शिकवून शिकवून विश्वासू केला या लोकांनी!

मी बाहेर आलो. जिन्याजवळ पिण्याच्या पाण्याचं मशीन आहे, तिथे उभा राहिलो, पेला भरून वाहिला तरी माझं लक्ष नाही. मागून आई आली. नळ बंद केला. मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं की. पहिल्या दिवसापासून, तुझ्यासमोर बसून."

"सरळ सांगायचं होतंस."

"सरळ सांगितलं असतं तर तू त्यांना खुर्चीवर बसवून विचारलं असतंस, घटना घडली तेव्हा आपण नेमके कुठे होता."

खोटं कशाला बोलू, दुसरा प्रश्न मी तोच विचारला असता. पण तोंडातून निघाला भलताच. मी म्हटलं, "आई... बाबांचं काय?"

ती जराही रागावली नाही. म्हणाली, "तुझे बाबा आहेत तिथेच आहेत. त्यांना कुणी हलवत नाही, मीही नाही. फक्त मला आता शेजारी एक खुर्ची हवी आहे. संध्याकाळी बसून बोलायला."

मी म्हटलं, "खुर्ची म्हणजे... सोबत. आधार."

"नाही रे. खुर्ची. दुकानातली. दोन आहेत."

मी संशयी नाही हां, पण आयुष्यात पहिल्यांदा मला विचारायलाच काही सुचेना. मी आत गेलो, काकांसमोर उभा राहिलो. ते बिचारे म्हणाले, "तुम्ही लक्ष ठेवायला सांगितलंत तेव्हाच सांगणार होतो, पण तुम्ही आभार मानायला लागलात." मी हात पुढे केला. त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि सोडेनातच.

तर असं ते लग्न. विवाह नोंदणी कार्यालय, लाकडी बाक, आई मोतिया रंगाच्या साडीत, काका नव्या शर्टात, चिंगी फोटो काढतेय, बायको घाम पुसतेय, आणि मी साक्षीदार. सही करायला पुढे झालो तर कारकून मान वर न करता विचारतो, "वराशी तुमचं नातं?"

झालं! पेन हवेत! काय सांगू? काका म्हणू? बाबा म्हणू? शेवटी म्हटलं, "गिऱ्हाईक लिहा."

कारकून म्हणाला, "असं लिहीत नसतात." मी काकांकडे पाहिलं. काका माझ्याकडे पाहत होते, जवळून, वाकून, त्यांची ती सवय. मग हळूच म्हणाले, "यांची हरकत नसेल तर... मुलगा लिहा."

मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हणता आलं नाही, नुसती मान हलवली, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. कारकुनाने लिहून घेतलं, शिक्का उचलला, आणि तसाच खाली बघत विचारलं, "मुलगा सज्ञान आहे ना?"

मागून आमच्या बायकोने सांगितलं, "वयाने आहे. लिहून टाका."