पुढारी तिसरीतच अडकले
यापुढे आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सिनेमा दाखवायचं माझ्यापुढे नावसुद्धा काढू नका. मुलांसाठी हौसेनं एका स्वातंत्र्यसैनिक पुढाऱ्याच्या तरुणपणावरचा जुना सिनेमा लावला आणि रिमोट दिला कोणाकडे, तर इतिहासाच्या निवृत्त सरांकडे! छोटा नायक वर्गात बाकावर बसला, की सरांनी सिनेमा थांबवला.

“चूक! तेव्हा पोरं बस्करावर बसायची.”

मग टोपी चुकली, कंदील चुकला. तासाभरात मुलं पांगली, नायक मात्र अजून तिसरीतच. मी हात जोडले, “सर, पुढे जाऊ द्या ना.”

“अहो, पाया कच्चा राहील!”

शेवटी मागच्या खुर्चीवरून त्यांच्याच बायकोचा आवाज आला, “अहो, इंग्रजांनीसुद्धा त्यांना तुरुंगातून सोडलं. तुम्ही निदान शाळेतून तरी सोडा!”