आरशाच्या दिव्याशेजारची बाटली

जबाब देणार: डोकावेबाई. हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नाही, वाचकांनी ठेवलं. पण आता बँक सोडली तर सगळीकडे हेच चालतं. वय बावन्न. व्यवसाय: साप्ताहिकात लेखन. राहणार: साप्ताहिकाच्या छापखान्यामागची गल्ली, इस्त्रीवाल्याच्या वरचा मजला.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून, मला माहीत आहे तेवढं खरं सांगते, ते येणेप्रमाणे:

नामवंतांच्या ड्रेसिंग टेबलावर काय काय असतं, याचं सदर मी बरीच वर्षं लिहिते आहे. नट, गायिका, खेळाडू आणि एकदा एक निवृत्त न्यायाधीश, अशा पुष्कळ जणांच्या आरशासमोर मी उभी राहिले आहे. "हे असलं वाचतं कोण?" असं जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारसाहेबांनी विचारलं. त्यावर सांगते की त्यांच्या सौभाग्यवती वाचतात, असं त्यांनीच मघाशी चहा घेताना सांगितलं. हे वाक्य खोडू नये.

माझी पद्धत अशी की टेबलावरच्या वस्तूला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. नाक मात्र मी लावते, त्याला परवानगी लागते असं मला कुणी सांगितलेलं नाही. पडद्यावर माणसं चिरडणाऱ्या एका खलनायकाच्या टेबलावर मी झोपताना ओठांना लावायची गुलाबी डबी पाहिली आहे. एका गायिकेकडे पावडरचा एकच डबा होता आणि तोही रिकामा. तो आईचा होता, गाण्याला जायच्या आधी त्या नुसतं झाकण उघडून बंद करायच्या. शेवटी मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: "यातलं तुमचं सगळ्यात आवडतं कोणतं?" त्या उत्तरावर माझा लेख उभा राहतो. प्रश्न विचारणाऱ्या फौजदारसाहेबांनी, म्हणजे पुढे ज्यांना मी नुसतं साहेब म्हणेन त्यांनी, मुद्द्यावर या असं सांगितल्याने मुद्द्यावर येते.

परवा सकाळी मी आणि आमचा फोटोवाला एका नामांकित अभिनेत्रीच्या घरी गेलो. त्यांना सगळे मॅडम म्हणतात, मीही तेच म्हणेन. घरात मॅडम होत्या आणि त्यांचा सगळा कारभार पाहणारे थोरले भाऊ होते, त्यांना दादा म्हणतात. मॅडमच्या नावाचा एक सेंट बाजारात यायचा होता. त्याचा मोठा कार्यक्रम ठरला होता आणि तिथे मॅडम पाहुण्यांच्या मनगटाला स्वतःच्या हाताने सेंट लावणार होत्या. कंपनीने बनवलेली पहिली बाटली आठवडाभर आधी घरी आली होती आणि तेव्हापासून मॅडम रोज तोच सेंट लावत होत्या. दादांनी ती आरशाच्या दिव्याला अगदी खेटून ठेवली होती, कारण उजेडात ती सोन्यासारखी दिसते.

टेबलावर मी जे पाहिलं ते: दात पडलेला कंगवा. काजळाची डबी. झाकणाला पोचा पडलेली कोल्ड क्रीमची बरणी, जी माझ्याही घरी आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. पुसट झालेली लिपस्टिक, तिच्या टोकाला केसाची पिन खुपसलेली, म्हणजे तळाची लाली पिनेने कोरून काढायची सवय. एवढ्या मोठ्या बाईंची ही काटकसर पाहून मला फार बरं वाटलं. आणि मागे सेंटच्या बाटल्यांची दाटी. उंच, बसक्या, एक तर चक्क चपलेच्या आकाराची. सगळ्यांच्या गळ्यात रंगीत धाग्यांच्या गाठी होत्या.

मी विचारलं, "हे धागे कशाला?"

मॅडम म्हणाल्या, "छान दिसतात म्हणून."

छान दिसत नव्हते. पण मी पुढे विचारलं नाही.

सदरची सोनेरी बाटली मी जवळून हुंगली. तळण झाल्यावर उरलेलं तेल तसंच ठेवावं आणि त्यात कुणी फूल विसरावं, तसा वास होता. मी हळूच दादांकडे पाहिलं. दादा नाकाने कांदे सोलत म्हणाले, "महागातले वास असेच असतात. कळायला जरा वेळ लागतो." मी गप्प बसले, कारण मला वाटलं माझंच नाक स्वस्तातलं असेल.

थोड्या वेळाने अक्का आल्या. अक्का म्हणजे मॅडमच्या पहिल्या सिनेमापासून त्यांची वेणीफणी आणि रंगरंगोटी करणाऱ्या बाई. लेकीचं बाळंतपण उरकून त्या त्याच सकाळी परतल्या होत्या, बॅग अजून दाराशीच होती. त्या मॅडमचे केस विंचरायला वाकल्या आणि कंगवा तसाच हवेत राहिला. मग त्यांनी सोनेरी बाटलीकडे पाहिलं. पुढे चहाच्या वेळी अक्कांनी ती बाटली उचलून आपल्या पिशवीत टाकली. हे मी आरशात पाहिलं. त्या वेळी आरशात त्यांनीही मला पाहिलं.

दुपारी बाटली सापडेना. दादांनी फाटकाशी सगळ्यांच्या पिशव्या तपासायला लावल्या आणि ती अक्कांच्या पिशवीत निघाली. अक्का म्हणाल्या, "मी घेतली. पुढचं विचारू नका." दुसऱ्या कंपनीला नमुना विकायचा बेत होता, अशी दादांनी फिर्याद दिली आहे. आमच्या पहिल्या फोटोत बाटली आहे आणि शेवटच्या फोटोत नाही, म्हणून मला बोलावणं आलं.

विचारल्यावरून सांगते की, अक्कांचा विकण्याचा बेत नव्हता. दिव्याच्या उष्णतेने बाटली नासली होती म्हणून त्यांनी ती उचलली. साहेबांनी पुरावा विचारला. मी म्हटलं, पुरावा तुमच्याच कपाटात आहे, उघडून बघा. त्यावरून समोरचा चहावाला आणि झेरॉक्सवाला या दोन पंचांसमक्ष मुद्देमालाचं सील फोडून बूच काढण्यात आलं. चहावाला लगेच बाहेर गेला. हवालदारसाहेबांनी खिडकी उघडली. साहेबांनी रुमाल नाकाला लावूनच पुढचा प्रश्न विचारला की, बाटली नासली होती तर अक्कांनी तसं मालकिणीला सांगितलं का नाही? आणि रोज तोच सेंट लावणाऱ्या मालकिणीला स्वतःला ते कळलं कसं नाही?

मी सांगितलं, मला माहीत नाही. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही खोटं बोलताय." मी म्हटलं, बरोबर आहे. "माहीत नाही" खोडून "सांगायचं नाही" असं लिहा.

साहेबांनी मला समजावून सांगितलं की कारण कळलं नाही तर फिर्याद उभी राहते, कंपनीही तक्रार घेऊन येणार आहे, आणि अक्कांना कोठडीत जावं लागेल. अक्का समोरच बाकावर महिला शिपायाशेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे सांगू नका. मला अजिबात गप्प बसता येत नाही, हे माझ्या ओळखीचं कुणीही सांगेल. मी मूग गिळून बसले. जबाब इथे थांबला.

यापुढचा मजकूर मॅडम आणि दादा ठाण्यात आल्यानंतरचा आहे.

दादांना फिर्याद पक्की करायची होती. मॅडम त्यांच्या मागोमाग आत आल्या. बूच काढलेली बाटली टेबलावर तशीच होती. त्या वेळी साहेबांच्या नाकाला रुमाल होता, हवालदारसाहेबांनी बाही लावली होती, झेरॉक्सवाल्याने नाक चिमटीत धरलं होतं, महिला शिपाई टोपीने तोंड झाकून बसल्या होत्या. मॅडम मोकळ्या चेहऱ्याने मधोमध उभ्या राहिल्या. त्यांनी एकेकाकडे पाहिलं.

"काय झालं? सगळ्यांनी नाकं का धरलीत?"

मॅडमनी बाटली पाहिली. मग अक्कांकडे पाहिलं.

"अक्का, कसा आहे?"

"चांगला आहे," अक्का म्हणाल्या.

"खरं सांग."

अक्का चारचौघांत त्यांना मॅडम म्हणतात. इथे म्हणाल्या, "आंबलाय गं बाळा."

"मी हा सोमवारी उद्घाटनाला लावला होता."

अक्का पदराच्या टोकाला गाठ मारू लागल्या.

"लग्नालाही लावला. नवरीला मिठी मारली मी."

दादा म्हणाले, "अगं, आम्हाला वाटलं महागातला वास असाच असतो! लोक तर वेगळाच आहे, वेगळाच आहे म्हणून वाखाणत होते."

यावर मॅडम हसल्या. मोठ्याने हसल्या, साहेबांनाही हसू आवरेना. हसता हसता त्या एका हाताने दुसरं मनगट पुसू लागल्या आणि हसू थांबलं तरी पुसतच राहिल्या. अक्कांनी उठून त्यांचा हात धरला. महिला शिपायांनी अक्कांना बसा असं सांगितलं नाही.

मग मॅडम हवालदारसाहेबांना म्हणाल्या, "लिहून घ्या. मला वास येत नाही. मोठा ताप आला होता, त्यात गेला. हे अक्काशिवाय कुणाला माहीत नाही, या भावालासुद्धा नाही."

दादा म्हणाले, "अगं, हे कागदावर गेलं तर सेंट संपला. कोण घेईल तुझ्या नावाचा सेंट?"

"मग नको घेऊ दे," मॅडम म्हणाल्या. "आधी माझ्या अक्काला घरी ने. सेंटचं काय ते उद्या बघू."

मॅडमनी स्वतःच सांगितल्यामुळे आता मलाही सांगायला हरकत नाही. मी वर काही गोष्टी गाळल्या होत्या, त्या अशा: परवा मी टेबलापाशी असताना स्वयंपाकघरात दूध करपलं. फोटोवाला कॅमेरा टाकून धावला, दादा धावले, मॅडम मात्र पापण्यांना रंग कसा लावावा ते मला सांगत राहिल्या. दुसरं, मी त्यांना आवडता सेंट विचारला तेव्हा त्यांनी उत्तर दिलं नाही, दाराकडे पाहिलं. अक्का तोवर आल्या नव्हत्या.

आणि आज सकाळी, जबाबाआधी, अक्का याच बाकावर मला म्हणाल्या, "बाई, तुम्हाला कळलंय, मी आरशात पाहिलं. लिहू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी विचारलं, मग बाटलीचं काय करणार होता? त्या म्हणाल्या, "हातातून पडून फुटली असं सांगणार होते, कंपनीने दुसरी पाठवली असती. मी आठवडाभर नव्हते आणि ती पोर हे असलं लावून लोकांत फिरली. तिला कळलं तर घराबाहेर पडायची नाही. मी काय, चोर तर चोर. लेकीला सांगेन काहीतरी." धाग्यांचंही त्यांनी सांगितलं. मॅडमना कुणाला न विचारता योग्य बाटली उचलता यावी म्हणून पांढरा धागा सकाळचा, पिवळा उन्हाचा, लाल समारंभाचा. नवीन बाटली आली की अक्का ती हुंगतात, मॅडमना तो वास कसा आहे ते समजावून सांगतात, आणि मग गाठ बांधतात. सोनेरी बाटलीला धागा नव्हता, कारण ती आली तेव्हा अक्का नव्हत्या. हे मी परवाच ओळखायला हवं होतं.

दादांनी फिर्याद मागे घेत असल्याचं वेगळ्या कागदावर लिहून दिलं. बाटली त्यांनी दिव्याशेजारी ठेवली होती, हेही त्यांनी आपणहून लिहिलं. मधेच त्यांनी बहिणीला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" मॅडम म्हणाल्या, "तू लगेच डॉक्टरांची रांग लावली असतीस."

कागद तयार होईपर्यंत मॅडम अक्कांशेजारी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "अक्का, पोलीस ठाण्याचा वास कसा असतो गं?"

अक्कांनी डोळे मिटून श्वास घेतला. "आधी फिनेल. त्याच्यामागे ओले बूट. तुझ्या शाळेच्या व्हरांड्यात पावसाळ्यात यायचा ना, तसा. मग शाई. आणि कुणाच्या तरी खणात संत्रं आहे."

साहेबांनी खण उघडला. संत्रं होतं. ते त्यांनी सोलून सगळ्यांना वाटलं. मॅडमनी आपली फोड नाकाशी नेली, थोडा वेळ तशीच धरली आणि मग खाल्ली.

साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात हे मला सांगण्यात आलं आहे. तरी मी मॅडमना परवाचाच प्रश्न पुन्हा विचारला, कारण माझ्याच्याने राहवलं नाही: "त्या सगळ्या बाटल्यांत तुमची सगळ्यात आवडती कोणती?"

या वेळी त्यांनी लगेच उत्तर दिलं. म्हणाल्या, "ती चपलेच्या आकाराची. तिच्याबद्दल अक्का सगळ्यात जास्त वेळ बोलते."

हा माझा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा मॅडम, दादा आणि अक्का हजर होते. मी सांगितला तसाच तो उतरला आहे. एकच दुरुस्ती करून घेतली: वर जिथे "चोरीस गेलेली बाटली" असं लिहिलं होतं, तिथे आता नुसतं "बाटली" आहे. दुरुस्तीपुढे माझी सही आहे. तिच्याखाली अक्कांनीही सही केली. त्यांची सही लागत नव्हती, पण त्यांना करायची होती.