वीस माणसं, तीन रकाने

...आणि वर मलाच विचारतात, "लोकेंद्रभाऊ, पुण्याले इतकी वर्षं राहून शिकला काय?" आता काय सांगू? तुम्हाला सांगतो, रकाने करायला शिकलो. वर्तमानपत्रात मजकुराचे उभे रकाने असतात ना, तसेच, पण वेबपेजवर. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते जिथे लिहितात तिथे, एक ओळ लिहायची, कॉलम किती, तर तीन, की सगळा मजकूर आपोआप तीन भागांत वाटला जातो, पहिला रकाना भरला की उरलेलं दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतं, दुसरा भरला की तिसऱ्याच्या, जसं धानाच्या एका बांधीत, म्हणजे खाचरात, पाणी भरलं की पुढच्या बांधीत उतरतं... हे बांधीचं उदाहरण माझंच, बरं का. आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावला समाजाच्या सभेत दिलं होतं, टाळ्या पडल्या होत्या. आज त्या टाळ्या आठवल्या की वाटतं, उठून दिवा बंद करावा आणि तोंड झाकून पडावं.

कारण एक ओळ लिहिली आणि एक ओळ लिहिली नाही. एवढंच झालं. पण एवढंच म्हणजे किती, ते ऐका.

ही गोष्ट मागच्या वर्षीची, दोन हजार बाराची. मी पुण्याची नोकरी सोडून गावी आलेलो, कशाला, तर गावाला जगाशी जोडायला. गावानं काही तसं मागितलं नव्हतं. आमच्या समाजात दर वर्षी लग्नाच्या मुलामुलींची परिचय पुस्तिका निघते. केशोराव गुरुजी काढतात, शाळेतून निवृत्त झाल्यापासून तेच त्यांचं काम. त्यांचा एक नियम. एका माणसाची माहिती दोन पानांवर तोडायची नाही. खाली जागा कमी उरली तर ती कोरी सोडायची आणि नवा माणूस नव्या पानावर घ्यायचा. मी भर सभेत पुस्तिका उघडून दाखवली आणि म्हटलं, "गुरुजी, ह्या कोऱ्या जागेत अर्धा तालुका मावेल." लोक हसले. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, "बेटा, जागा कोरी राहिली त राहू दे. मानूस तुटला नाही पायजे." मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "गुरुजी, कागदावर मजकूर अडतो. वेबवर तो वाहतो." गुरुजी म्हणाले, "वाहते त वाहू दे बापा. मानूस वाहून गेला नाही पायजे." पुन्हा लोक हसले. पण पुस्तिका वेबवर टाकायचं काम मला मिळालं, कारण मी पुण्याचा होतो आणि रिकामा होतो.

पहिला फॉर्म कोणाचा आणला असेल? घरचाच. माझी बहीण रविता, बी.एस्सी. झालेली. खरं तर तिचा फॉर्म भरायची गरजच नव्हती, सौंदडच्या नंदलालजींच्या घरचे तिला बघून गेले होते, मुलगा चंद्रकुमार तिला आवडला होता, दिवाळीनंतर सुपारी फुटायची होती. पण मीच म्हटलं, लोकांना नमुना दाखवायला घरापासून सुरुवात हवी. ती म्हणाली, "भाऊ, नाव टाकायचं त टाक, पन माही एक ओळ जशीच्या तशी ठेवजो." दोन दिवस विचार करून तिनं 'अपेक्षा' ह्या शब्दापुढे लिहिलं होतं, 'लग्नानंतर बी.एड. पूर्ण करू देणारं घर.' बस. पगार नाही, रंग नाही, शेती नाही. एक ओळ.

एकूण फॉर्म आले वीस. गुरुजी मुलं-मुली वेगवेगळी छापायचे, मी म्हटलं, हा भेदभाव कशाला? सगळे एकत्र, ज्याचा फॉर्म आधी आला त्याचं नाव आधी. आणि वीस माणसं तीन रकान्यांत टाकली. वीसला तीननं भाग जात नाही हे चौथीच्या पोराला कळतं, मी इंजिनीअर होतो. सहा माणसं पूर्ण बसली, सातवं माणूस तुटलं. चौदावंही तुटलं. सातवी रविता. त्याआधी आलेले सहा फॉर्म गुरुजींच्या कपाटात पडून होते, ते पुढे लागले, म्हणून घरचा पहिला फॉर्मसुद्धा सातवा झाला. तिचं नाव, फोटो, शिक्षण, उंची पहिल्या रकान्याच्या तळाशी, आणि तिची ती ओळ मधल्या रकान्याच्या माथ्यावर.

मला दिसलं होतं. खोटं कशाला बोलू? दिसलं होतं. म्हटलं, वाचणाऱ्याला कळतं. वाचणारा म्हणजे कोण, तर मी. उपायही माहीत होता, स्टाइलशीटमध्ये लिहायचं की बाबा, ही चौकट मधून तोडू नको, सगळी उचलून पुढच्या रकान्यात ने. एका ओळीचं काम. उद्या करू म्हटलं. आणि ती संध्याकाळ कशात घालवली? दोन रकान्यांमध्ये एक उभी रेघ येते, तिचा रंग ठरवण्यात. पिकल्या धानाचा रंग हवा होता. तीन तास लागले. रेघ अतिशय सुंदर आली.

आता गावात नेट कोणाकडे होतं? लोक गेले गोरेगावच्या बसस्टँडवर श्यामलालच्या दुकानात, तो ऑनलाइन फॉर्म भरून देतो, छापूनही देतो. मंगळवारचा बाजार, दुकानात ही गर्दी. माझं पान छापलं की मोठं, खिशात मावत नाही, आणि घडी घातली तर ती नेमकी कोणाच्या तरी फोटोवर पडते. आमच्याकडे लग्नाच्या पोरीच्या तोंडावर घडी घालत नाहीत. मग श्यामलालनं काय केलं? कात्री घेतली आणि रेघेवरून तीन पट्ट्या कापल्या. पट्टीखाली पट्टी डिंकानं चिकटवली, गुंडाळी केली, खिशात टाका आणि चला. पन्नास गुंडाळ्या केल्या. फक्त गठ्ठे ठेवताना पहिल्या पट्टीनंतर तिसरी आली आणि दुसरी शेवटी गेली. मी नंतर भांडायला गेलो तर म्हणतो कसा, "तुम्हीच त रेघ मारून देल्ली न भाऊ, कापाले. मले वाटलं, पुण्याचा पोट्टा, किती सोचते."

आता रविताच्या खाली काय आलं? तिसऱ्या पट्टीचा माथा. तिथे कोण होतं? तो चौदावा तुटलेला घनश्याम, त्याचं नाव मागच्या पट्टीवर राहिलेलं आणि धड ह्या पट्टीवर. म्हणजे गुंडाळीत वाचायचं असं: 'रविता नत्थूलाल पटले, बी.एस्सी., उंची पाच फूट एक. उंची पाच फूट अकरा. स्वतःचं हार्वेस्टर चालवतो. पहिला विवाह आठ महिन्यांत मोडला. अपेक्षा: मुलगी शांत, मोठ्यानं न बोलणारी.'

तुम्ही हसता. बरोबर आहे, हसण्यासारखंच आहे. पण सौंदडचे नंदलालजी बायकोला, सुशिलाबाईंना, घेऊन आमच्या ओसरीवर आले तेव्हा त्यांच्या हातात ती गुंडाळी होती आणि ते हसत नव्हते. त्यांना दोनदा आलेली उंची दिसली नाही. हार्वेस्टर दिसलं नाही. दिसलं काय, तर एकच वाक्य. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "पटलेजी, हे लपवून काऊन ठेवलं?" सुशिलाबाई म्हणाल्या, "पोरीचं लगन मोडलं होतं त सांगून देते मानूस. आमी काही खाऊन टाकलो असतो का?" बाबांना काही कळेना. ते माझ्याकडे बघत होते.

मी लॅपटॉप आणला. म्हटलं, काकाजी, हे बघा, इथे रकाना संपतो, मग नजर उचलायची आणि पुढच्या रकान्याच्या वर जायचं, तिथे माझ्या बहिणीचं उरलेलं आहे. नंदलालजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे तुह्या बहिनीले तूच तोडलं?"

मी लॅपटॉप मिटला.

केशोराव गुरुजी स्वतः सौंदडला जाऊन आले, रविताच्या हातचा फॉर्म दाखवून आले. नंदलालजींना सगळं पटलं. पण म्हणाले, "पटलं जी, पन पन्नास कागद गावोगाव फिरून राहिले. कोनाकोनाले सांगत बसू?" सुपारी फुटली नाही. रविता महिनाभर माझं ताट वाढायची आणि निघून जायची. नंदलालजी आले त्याच रात्री मी पान दुरुस्त केलं होतं. एक ओळ. दहा सेकंद लागले.

आणि तिची ती ओळ कुठे गेली? दुसरी पट्टी शेवटी चिकटवलेली ना, तर ती जाऊन बसली विसाव्या माणसाखाली. सेवकराम, बी.ए., कोहमाऱ्याला ढाबा, वय चौतीस, सहा वर्षं कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या नावाखाली आलं, 'लग्नानंतर बी.एड. पूर्ण करू देणारं घर.' लोक म्हणाले, काय माणूस आहे, ह्या वयात शिकायचं म्हणतो. महिन्यात चार स्थळं. लग्न झालंसुद्धा. आणि सासऱ्यांनी मांडवातच विचारलं, जावईबापू, कॉलेज कधी सुरू?

सेवकराम सध्या गोंदियात बी.एड. करून राहिला. त्याच वर्गात रविता आहे. बाबांनीच तिला घातलं, म्हणाले, "असं घर कायले शोधत बसायचं? हे घर आहे न." ती पहिल्या बाकावर, तो शेवटच्या. या वर्षी पुस्तिका पुन्हा कागदावर निघते आहे. रवितानं फॉर्म भरला आणि गुरुजींच्या हातात नेऊन दिला. माझ्या हातात नाही.

परवा ढाब्यावर थांबलो, तर सेवकरामनं चहा ठेवला, आजूबाजूला पाहिलं, हळूच विचारलं, "लोकेंद्रभाऊ, माह्या नावाखाली ते बी.एड.ची ओळ तुम्ही लिवली का जी?"

म्हटलं, "नाही. ती बहिणीची. मी फक्त एक ओळ लिहिली नाही."

त्यानं गल्ल्याखालून एक वही काढली आणि माझ्या पुढ्यात सरकवली. "मंग आता लिवून द्या. वर्गात शिकवायच्या माह्या बारा पाठांचं टाचन बाकी आहे."

तेव्हापासून लिहितो आहे. प्रत्येक पाठ नव्या पानावर घेतो. खाली अर्धं पान कोरं राहतं. राहू दे.